भाता न ओढता

बाबांनी पेटी आणली ती घोंगडीत बांधून.
मुहर्रकच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं झाकण उघडलं,
पट्ट्या बघितल्या, दात बघावेत तशा,
आणि खुणेनं विचारलं, काय आहे हे?
बाबांना ना अरबी, ना धड हिंदी.
त्यांनी तिथंच फरशीवर मांडी घातली.
मागची रांग थांबली म्हणे.
हे आई सांगायची. बाबा असलं काही सांगत नसत.

पेटी आजोची.
दशावताराच्या मेळ्यात तो रात्रभर वाजवायचा.
उजाडायचं, राजा मुकुट काढून बिडी पेटवायचा,
राक्षस चहा मागायचा,
तरी याची बोटं पट्ट्यांवरून उठत नसत.
त्याची एकच तक्रार होती, जन्मभर :
"एक सूर हेच्यात नाय.
पेटी करणारो घालूक इसारलो."

हिद्दच्या गोदीत बाबा वेल्डर.
खोलीत आठ माणसं, दोन पाळ्या,
म्हणजे चौघं कायम झोपलेले.
म्हणून बाबा वाजवायचे भाता न ओढता.
पुढे आम्ही आलो, दोन खोल्या झाल्या,
उठवायला कुणी उरलं नाही,
तरी भाता बंदच.
सवय असेल.
किंवा समुद्राच्या दमट हवेनं आतले सूर गंजले असतील
आणि ते ऐकायचं त्यांना धाडस नसेल.
मी विचारलं नाही.

मला वारशात मिळालं ते एवढंच :
लाकडावर नखांची टकटक,
आणि एक बोट, जे मधेच
एका काळीच्या आणि एका पांढरीच्या फटीवर थांबून
थरथरायचं.
मला वाटायचं, वेल्डिंगनं शिरा गेल्या असतील.

मी स्पेअर पार्ट विकतो.
राष्ट्रगीतालाही नुसते ओठ हलवतो.

अबोली मात्र ऊद शिकते.
गुरुवारी, जुन्या गल्लीत, खुलूदबाईंकडे.
मी गाडीत एसी लावून बसतो,
पण त्या ऑगस्टात एसी बसला
आणि मी घामानं भिजून आत गेलो.
उदाला पडदे नसतात. बोट कुठंही थांबू शकतं.
अबोलीचं बोट घसरत आलं,
थांबलं,
आणि माझ्या गुडघ्यावर माझंही.

"पप्पा, हा सूर पेटीत नसतो," ती म्हणाली.
"सीका," खुलूदबाई म्हणाल्या, आणि कॉफी ओतली.
मला बोलता येईना.
हा सूर मी कधी ऐकला नव्हता.
पण पाहिला होता,
रोज संध्याकाळी, जेवणाआधी.

दुसरा कपही झाला. तिसऱ्याला मी कप हलवला, पुरे म्हणून.

घरी येऊन माळ्यावरची घोंगडी सोडली.
भाता उंदरांनी खाल्लेला.
अबोलीनं न विचारता त्या फटीवर बोट ठेवलं.
मग टॉर्च मागितला.
काळीला लागून, पांढरीच्या कडेला
एक खळगा होता,
बोटाच्या पेराएवढा, गुळगुळीत,
दोन माणसांनी झिजवलेला.