तिसरी डबी

दोन्ही खण एकदम उचलायचा शहाणपणा माझाच.
लीथच्या बंदरामागचा छापखाना,
मंगळवार, दुपारचे सव्वातीन,
आणि फरशीवर शिशाचा ढीग:
कॅस्लन आणि बास्करव्हिल,
एकाच मापाचे, एकाच ओतशाळेतले,
एकमेकांच्या कुशीत शिरलेले.

इझोबेल गेडिस ओरडली नाही.
एकोणऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना एक शिवी घालून
खाली बसली.
"निवड आता. सूपच्या बार्लीतले खडे निवडतात तसे.

छोट्या जीपासून लाग. तो चहाडखोर.
खालचा फास पुरा बसलाय? कॅस्लन.
सुटाच राहिलाय, बोलता बोलता कुणी उठून गेल्यासारखा?
बास्करव्हिल.
कॅपिटल एच्या टाळूला खळगा दिसला तर इकडे,
ईचा तळपाय फार पुढे आला तर तिकडे.
क्यूला काही विचारू नकोस,
त्याचं शेपूट दाराबाहेरूनच दिसतं."

अक्षरं उलटी, आरशातली.
मला प्रत्येक आधी मनात सुलटं करावं लागे.
ती नुसता अंगठा फिरवायची.

सहाच्या सुमारास मी एका ओवर अडलो.
"याला ना हात ना पाय. काय बघू?"
"जाडी कुठे आहे ते बघ.
जरा कलंडून बसलाय, की ताठ?"

मग, मी काही विचारलं नसताना:
"आम्ही जुळ्या. एल्स्पेथ आणि मी.
मास्तरीण चुकायची, पाववाला चुकायचा,
बापसुद्धा.
आई तेवढी बूट उलटे करून बघे.
एल्स्पेथ टाचा बाहेरून झिजवायची, मी आतून."

रात्री उरले ते पूर्णविराम
आणि छोटे एल. नुसते दांडे.
भिंग लावलं, दिवा जवळ ओढला,
कुणाचा कोण, कळेना.
तिने आंबट गोळ्यांची रिकामी डबी पुढे केली.
"टाक यात. असतात काही दोघींचे."

गुरुवारी तिने एक कार्ड जुळवलं.
काळी चौकट नाही. एक नाव, दोन तारखा,
दुसरी मागच्याच आठवड्यातली.
सगळं बास्करव्हिलमध्ये,
फक्त नावातला एल
त्या डबीतून.

मी शाई मळत होतो.
यंत्राखाली घरंगळलेला एक स्वल्पविराम काढायला
ती वाकली, गुडघ्यांवर आली,
आणि तिच्या बुटांचे तळवे माझ्याकडे झाले.

टाचा
बाहेरून झिजलेल्या.