जैतून

मे महिन्यात जिंतूरच्या स्टँडवर पंखा फिरतो
तो फक्त हवा गरम आहे हे सगळ्यांना सांगायला.
चौकशीच्या खिडकीआड, टेबलाच्या खणात,
हरवलेल्या सामानाच्या वहीखाली
मी एक बेट ठेवलंय.

नगरवाचनालयाचं. दाखल क्रमांक चार हजार बावीस.
मुखपृष्ठावर निळं पाणी, पांढऱ्या पायऱ्या
आणि टोपी धरून उभी एक पाठमोरी बाई.
वाऱ्यानं टोपी उडेल,
एवढंच तिच्यापुढचं संकट.

“बाई, मंठ्याची गाडी?”
लागलीय. तीन नंबर.
“बाई, येलदरी हाय का?”
साडेतीनला. आली तर.
मी माइकवर गावांची नावं घेते
आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर ठेवते,
परत आल्यावर ओळ सापडावी म्हणून.

समुद्र मी पाहिलेला नाही.
येलदरीचं धरण पाहिलंय, भरलेलं, एकदाच,
शाळेच्या सहलीत.
त्या पाण्याचा पलीकडचा काठ पुसते,
चवीपुरतं मीठ घालते,
चालतं माझं.

पहिल्या प्रकरणात मार्टिनाची नोकरी जाते.
दुसऱ्यात मावशी मरते आणि बेटावरचं घर तिच्या नावे करून ठेवते.
(मावशी असावी तर अशी. माझीनं पितळी डबा दिला,
तोही झाकणाशिवाय.)
तिसऱ्यात होड्या दुरुस्त करणारा तो येतो,
हाताला डांबर, तोंडात शब्द मोजके.

जाऊबाई म्हणतात, “पन्नाशी आली की गं,
अजून कसल्या प्रेमाच्या गोष्टी!”
त्यांना वाटतं मी त्याच्यासाठी वाचते.
तो बरा आहे. नाही असं नाही.
पण माझं बोट थांबतं ते भलतीकडेच:
ती नऊला उठते.
नळ सुटला, नळ सुटला, म्हणत कुणी दार वाजवत नाही.
बाजारात जाते आणि एक टोमॅटो घेते.
एकच.
दुकानदार हसून तो कागदात बांधून देतो,
आणि अख्ख्या बाजारात तिला कुणी
आडनाव विचारत नाही.

शेवट काय होणार ते पहिल्याच पानावर कळतं.
म्हणून तर.
दिवसभर माणसं विचारतात, कधी येईल,
आणि दिवसभर मी म्हणते, सांगता येत नाही.
एक तरी गोष्ट
ठरल्या वेळेला फलाटाला लागावी.

पान एकशे सदतीस. भर दुपारी
मार्टिना ऑलिव्हच्या झाडाखाली झोपलीय,
आणि समासात पेन्सिलीनं, बारीक तिरप्या अक्षरात कुणीतरी:
“ऑलिव्ह म्हणजे जैतून. अम्मी गुडघ्यांना त्याचं तेल लावायची.”

सेलूची गाडी पुकारायची राहिली माझी.
एवढा वेळ ते झाड नुसतं हिरवं होतं.
आता त्याला वास आला,
एक खाट आली, वाटीत बुडवलेली दोन बोटं आली,
आणि ते बेट सरकत सरकत
इथं कुठं तरी ईदगाह मैदानामागं येऊन थांबलं.

दोनशे बाराव्या पानावर, लग्नाशेजारी, तेच अक्षर:
“टिकणार नाही. तरी चांगलं वाटलं.”
मी पावतीचं पेन काढलं. वाचनालयाची माफी मागून
खाली लिहिलं:
टिकेल. त्याला दुरुस्ती येते.

गुरुवारी एक बाई बोरीची गाडी विचारायला येते.
बुरख्याच्या बाहीतून बाहेर आलेला हात,
वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक
आणि पानात अडकवलेलं बोट.
असेल. नसेलही.
मी काही विचारलं नाही.

“चारची लागतेय,” म्हटलं. “दाराच्या बाजूला बसा.
ड्रायव्हरमागं बोरीपर्यंत ऊन येतं,
वाचता येत नाही.”