आधीचं बरं, की हे?

सकाळपासून तिसऱ्यांदा लागलंय ते.
शाहीन काउंटरवर फ्रेमा पुसताना गुणगुणते.
तिला माहीत नाही. कुणालाच नाही.
गाण्यात नाव नाहीये माझं,
नुसती एक 'ती' आहे, पुलावर उभी,
वाऱ्यावर केस.
माझा तेव्हा बॉयकट होता.

खुर्चीत खर्शीकर, निवृत्त पोस्टमास्तर.
हनुवटी इथे टेकवा. डावा डोळा झाका.
खालची ओळ वाचा.
आधीचं बरं, की हे?

गाण्यात चांदणं आहे, नदीला पाणी आहे,
यावरूनच ओळखावं पुणेकराने.
पूल होता म्हणा. पण आम्ही पुलाखाली होतो,
उचलून आणलेल्या गाड्यांच्या आवारात,
दुपारी सव्वादोनला.
तारीख सम होती, स्कूटर विषम बाजूला.
आपटे रस्त्यावर आम्ही भांडत राहिलो
कोण कुणासाठी पुणं सोडणार नाही यावर,
आणि पाठीमागून टेम्पोने ती अलगद उचलून नेली.
सोडवायला एकाच रिक्षातून गेलो.
त्रेपन्न रुपये झाले. निम्मे मी दिले.
चार वर्षांत एवढं सरळ
दुसरं काही वाटून घेतलं नव्हतं.

खिडकीशी सुमेध वाकला.
आत हवालदार डबा खात होते.
"चुकलं माझं," तो म्हणाला,
आणि म्हणताना त्याची मान
जराशी माझ्याकडे वळली.
मेथीच्या वासानेही वळली असेल.
मी म्हणाले,
"पावती घे."

आता तेच दोन शब्द ध्रुवपदात आहेत.
चार वेळा येतात, मागे गिटार,
शेवटी वीसेक अनोळखी पोरं एका सुरात
चुकलं माझं, चुकलं माझं.
भाच्याच्या फोनला आहे,
कर्वे रोडच्या सिग्नलला शेजारच्या गाडीत आहे.
त्याचं चुकलं हे सगळ्या शहराला ठाऊक.
मला अजून कळलेलं नाही
की तो म्हणाला कुणाला.

'पावती घे'ला चाल लागत नाही.
मी करून पाहिलंय, अंघोळीच्या वेळी.
'पावती'तला 'व' लांबवला तर थोडं जमतं,
पण पुढे 'घे' येतो, दार लावल्यासारखा.
खरं तर त्यात काहीही असू शकलं असतं.
थांब, असू शकलं असतं.
त्याने पावती घेतली, चौघडी करून खिशात ठेवली,
मला दारापर्यंत सोडलं.
गाण्यातली ती रडत नाही.
बरोबरच आहे. हेल्मेटची काच मी खाली ओढली होती
आणि त्याच्या स्कूटरचा डावा आरसा
दोन वर्षं तुटलेला होता.

त्याची आई अजून माझ्याकडेच येते,
वर्षातून एकदा, जवळचा नंबर तपासायला.
सुईत दोरा जात नाही म्हणते.
आम्ही फक्त नंबराबद्दल बोलतो.
मागच्या खेपेला निघताना दारात थांबली,
पर्स उघडली, बंद केली,
"तू बारीक झालीस," म्हणाली, आणि जिना उतरली.

"मघाचं जरा बरं होतं का हो?" खर्शीकर विचारतात.
"परत दाखवा बघू."
मी भिंग मागे फिरवते. टक.
ग, प, म, वाचतात ते,
आणि शेवटच्या अक्षराशी अडतात.
च असेल. नाही, व. च?
रेडिओवर सासवडच्या प्लॉटची जाहिरात सुरू झालेली.
"अंदाजाने सांगा," मी म्हणते. "चुकलं तरी चालतं."

खर्शीकर खुर्चीत ताठ होतात.
"चालतं कसं? पैसे मोजून चुकीचा चष्मा घालू?
पुन्हा लावा. पहिल्यापासून."