उंबऱ्यावर आडवी

बोलावणं आलं तेव्हा मी दूध तापवत होते.
"बुरुल-आपा, चला, मुलगी आणलीय."
आणलीय. बाजारातून मेंढी आणावी तशी.
पातेलं उतरवलं, शाल घेतली,
आणि जापारच्या घरी जाऊन
उंबऱ्यावर आडवी झाले.

आमच्या अट-बाशीत असंच चालतं.
म्हातारी उंबऱ्यावर निजली
की तिला ओलांडणाऱ्या मुलीला शाप लागतो
असं सगळे म्हणतात. मीही म्हणत आले.
याआधी चौघींना मी अडवलंय,
नुसती पडून राहून.
कुणाला बोटसुद्धा लावलं नाही.
त्यातली एक अजून वाटेत भेटली
की आधी मलाच सलाम करते.
ते फार जड जातं.

आत पडद्यामागे बायका पांढरा रुमाल घेऊन बसलेल्या.
"बांधून घे गं, दगड पडतो तिथंच जड होतो.
आम्हीही रडलोच होतो."
ही रडत नव्हती.
नाव जिबेक. नारीनच्या तंत्रशाळेत
खिडक्या बसवायला शिकते,
असं कुणीतरी हसत हसत सांगितलं.

"फोन काढून घेतलात," ती म्हणाली, "ठीक.
कायदा फोनमध्ये नसतो.
मी तीनदा नाही म्हटलंय. तुम्ही सातजणींनी ऐकलंय.
उद्या विचारणारे सातही जणींना विचारतील."
एकदम सगळ्यांना चहाची आठवण झाली.
तिनं चहा घेतला नाही, रोटी मोडली नाही.
रुमालाची नीट घडी घातली
आणि बाजूला ठेवून दिली.

रात्री बायका पेंगल्या.
नवरामुलगा केव्हाच पिऊन पडलेला.
मी जागी. पाठीखाली लाकूड गार.
टक्.
मग बराच वेळ काहीच नाही.
पुन्हा टक्.
उमजायला उशीर लागला:
काचेच्या पट्ट्यांचे खिळे उपसत होती ती.
जुनी निळी चौकट, वाळून भुगा झालेली लांबी.
मी मोजत गेले. बारा.
एक वाकडा असावा, तो मोठ्यानं कुरकुरला,
तेव्हा मी मुद्दाम खोकले.
आपण काय करतोय
हे मला खोकतानाच ठाऊक होतं.

काच फुटली नाही.
सकाळी भिंतीला टेकवून ठेवलेली सापडली,
खाली तोच पांढरा रुमाल,
कड दुखावू नये म्हणून.
मला तिनं ओलांडलं नाही.
शाप माझ्यापाशीच राहिला, न वापरलेला.

मीही शिकलेली आहे, हे आता कुणाच्या ध्यानात नाही.
दहावीला रसायनात पाचपैकी पाच.
ऑगस्टात फ्रुंझेच्या नर्सिंग शाळेचं पत्र आलं होतं.
सप्टेंबरात मी या गावात होते,
आणि दारात दुसरीच कुणी म्हातारी आडवी होती.
अक्षरं सगळी येत होती मला.
खिडकी कशी निघते ते येत नव्हतं,
आणि माझं 'नाही' कुठल्या कागदात लिहिलंय
हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

घरच्यांना मी म्हटलं, डोळा लागला होता.
पोलिसांना म्हटलं, नव्हता लागला.
तेव्हापासून जापारकडचे बोलत नाहीत.
दुधाची दोन गिऱ्हाइकं तुटली.

एप्रिलात मी स्वतःची खिडकी बदलायला काढली.
जिबेक आली. शिडी धरायला अजून एक पोरगी,
तिच्या नाकावर चुन्याचा ठिपका.
त्या रात्रीचा विषय तिनं काढला नाही,
मीही नाही.
पाणसळ लावून तीनतीनदा बघत होती.
काम संपल्यावर म्हणाली, अडीच हजार सोम.
"म्हातारीला काही कमी?"
"नाही, आपा," ती म्हणाली, पावती फाडता फाडता,
मान वरही न करता.

माझ्या घरात तो शब्द
इतक्या सहज कुणी उच्चारला नव्हता.
मी पैसे मोजले.
पुन्हा मोजले.
मग दिले.