माउंटच्या खाली

सुरुवात एका तिरप्या रेघेने.
तिच्या डावीकडे काही नाही.
उजवीकडे सगळं: आज्ञा, घरं, नोंदी, कचरा,
क्लाक्सविकच्या मासळी-लिलावाचे अकरा वर्षांचे भाव.

नवं यंत्र बसवताना ते स्वतःच विचारतं,
वाटणी करून देऊ का?
डिस्क मोजतं, तुकडे पाडतं,
आणि बहुतेक माणसं एंटर दाबून कॉफी आणायला जातात.
होग्नीही गेला असेल.
फक्त व्हारला त्याने दुप्पट जागा दिली,
कारण हॅडॉकच्या दिवसांत नोंदी फुगतात
आणि फुगलेली नोंद मुळावर येऊ नये.

आमच्या बेटावर हे कुणाला शिकवावं लागत नाही.
मटण वाळतं फटींच्या भिंतींच्या खोपटात, वाऱ्यावर,
होडी होडीच्या घरात,
झोपायचं तिसरीकडे.
एकाला आग लागली तर दुसरं वाचतं.
वास मात्र सगळीकडे जातो.

त्याची ती फाइल मी कामावर आल्याआल्या वाचली होती.
एका ओळीत एक घर, सहा रकाने.
टेंप: इथलं काही चालणार नाही, नुसतं पडून राहील.
होम: इथे कुणी मालकाचा अंगरखा घालून फिरू नये.
यूएसआर: वाचा. हात लावू नका.
आणि शेवटी एक आकडा,
पडझड झाल्यावर कुणाकडे आधी बघायचं त्याचा.
मुळाला एक. बाकीच्यांना दोन.
टेंपला शून्य: गेलं तर गेलं.

जानेवारीत वीज गेली, डोंगरावरची तार तुटून.
आली तेव्हा पहाटेचे चार,
दारात पाच बोटींची माणसं, खोक्यांत कॉड,
आणि पडद्यावर: होम सापडत नाही.
यंत्र एकटीपुरतं चालू केलं.
फक्त मूळ, आणि मी.

होम आता रिकामं असायला हवं होतं.
डिस्क अडकवायची नुसती खुंटी.
सवयीने आत पाहिलं.
तिथे एक फाइल होती.

अकरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर.
होमची डिस्क तेव्हा डेन्मार्कहून यायची होती,
जहाज वादळाने आठ दिवस अडलेलं,
आणि होग्नी तोवर मुळातच लिहीत होता.
बंदराच्या कचेरीला, चार ओळी:
सोमवारपासून येणार नाही.
चाव्या खिळ्याला आहेत.
कारण विचारू नये.
चौथी अर्धीच: सुन्वाला सांगू नका की

मग जहाज लागलं असणार.
डिस्क आली, त्याने ती चढवली,
कागदावर परात ठेवावी तशी.
फाइल पुसली नाही.
विसरला, की ठेवली, कोण सांगणार;
पुसायची म्हटलं तरी आधी ती दिसायला हवी.
तिच्यावर अकरा वर्षं हजेरी, पगारपत्रकं,
सगळ्यांच्या सुट्ट्या,
त्याच्या स्वतःच्या निरोपाचा फोटो, केकसकट.

केबल सैल होती. एवढंच.
बोटाने दाबली. खट्.
दोन नंबरची तपासणी सुरू झाली,
काही अनाथ तुकडे
हरवले-सापडलेच्या खोलीत नेऊन टाकले गेले,
नावांऐवजी आकडे लावून.

चढवायच्या आधी मी जरा थांबले.
कॉपी करता आली असती. पुसताही आली असती.
बाहेर कुणीतरी दारावर खोकं आपटलं.
टाइप केलं: माउंट, होम.
फाइल गेली. म्हणजे कुठेच गेली नाही.
पाच दहाला हॅडॉकची पहिली बोली.

रविवारी होग्नी धक्क्यावर दिसला, गळ टाकून बसलेला.
"यंत्र कसं आहे?"
"केबल सैल होती."
"होमची?"
"होमची."
त्याने गळ वर ओढला, आमिष पाहिलं, पुन्हा सोडला.
"व्हारला जागा पुरते ना अजून?"