पाचवं

दिवाडीच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा कायतान
सायकलच्या कॅरियरला गोणपाट बांधून उभा.
विहीर उपसताना चार मिळाली, म्हणाला,
पाचवं घरात आहे, पण ते कामाचं.

बलकांवावर वर्तमानपत्र अंथरलं.
संगीन टोकाकडून ओळखायची नसते.
टोक सगळ्यांचं एकच बोलतं.
मुठीकडून सुरुवात करायची,
खटका, खोबण,
मग बंदुकीच्या नळीवर बसणारं ते कडं,
ज्यात आता गोगलगाईचं कवच अडकलंय.

पहिलं लांब. आकडा बोटासारखा वळलेला.
गंज खरवडला तर खाली: स्टायर.
क्रोपाचेकचं.
दुसरं, तिसरं आखूड, व्हेर्गेइरोची,
जुळी म्हणून मी बाजूला सारणार, तोच
एकीच्या मुठीत एक स्क्रू परका दिसला,
आणि तिच्या म्यानावर
नंबर दुसरीचा.
काळोखात, घाईत, दोन शिपायांनी
एकमेकांची म्यानं उचलली असतील.
कुठल्या तरी कचेरीत कारकुनाने
दोघांच्याही नावापुढे लाल रेघ मारली असेल.

चौथ्यापाशी अडलो.
हे पोर्तुगीज नव्हे. इंग्रजी, सन सातचा नमुना.
आडपट्टीला आधी आकडा असायचा,
पुढे हुकूम निघाला, कापा.
कापल्या जागी कानस फिरवलेली,
अंगठ्याला अजून खरखरते.
हे तुमच्या विहिरीत कसं?
कायतान पायरीवरची चिखलाची ढेकळं फोडत राहिला.
त्या डिसेंबरात तहानलेले पुष्कळ आले, बाब.
पापानं दोर दिला. नाव नाही विचारलं.

मागच्या दारी इस्पेरांस
पाचव्यावर नारळ सोलत होती.
लाकडाच्या ओंडक्यात मूठ पुरलेली,
पातं वर, उन्हात,
सालं चर्र करून सुटत होती.
ओळख सगळी ओंडक्याच्या आत.
उपटून बघू का जरा?
आधी हे वीस होऊ देत, ती म्हणाली,
आणि वीस झाल्यावर शेजारणीने आणखी आणून टाकले.

वहीत लिहिलं:
पाच. लांबी, जमिनीवर दिसते तेवढी, अकरा इंच.
एका बाजूने पातं झिजून अर्धं.
कडं दिसलं नाही.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं
आणि फेरीचा भोंगा ऐकून धावलो,
काखेत दोन सोललेले नारळ,
एकाची शेंडी तिने देवासाठी ठेवली होती,
माझा देव कुठला ते न विचारता.