प्रश्नोत्तरांची पंधरा मिनिटं

गुरुवारी साडेपाचला मी सभागृह उघडतो.
खुर्च्या चाळीस मांडायच्या. पूर्वी एकशे वीस मांडायचो,
तरी लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे,
बुटांवर वितळणारा बर्फ, कोट मांडीवर.
फलकावर नाव तेच आहे अजून:
‘शेजारदेश : समाज, संस्कृती, राज्यकारभार.’
कोपऱ्यातल्या एकात एक बाहुल्या तेवढ्या कुणीतरी पुसल्यात.
कुणी, ते मी विचारलं नाही.

योएन्सूपासून सीमा सत्तर किलोमीटर.
दोन हिवाळे झाले, फाटक बंद आहे.

डॉक्टर राउहा तिमोस्काइनेन बाईंचा
तीस वर्षांचा अभ्यास त्या देशाचा.
हल्ली तिथली वर्तमानपत्रं वाचतात,
उपग्रहाच्या चित्रांत रात्रीचे दिवे मोजतात,
आणि दर व्याख्यान असं सुरू करतात:
“मी तिथे शेवटची गेले त्याला पाच वर्षं झाली,
हे ध्यानात ठेवून ऐका.”
हे वाक्य मला पटतं.
पुढचं निम्मं डोक्यावरून जातं.

माझं काम माइक फिरवण्याचं.
तिसऱ्या रांगेतला ओइवा आधी हात वर करतो.
त्याची आई पलीकडची, युद्धात
गाय हाकत अलीकडे आलेली.
विषय निवडणुकांचा असो, नाटकाचा असो, पेन्शनचा असो,
तो विचारतो: “घाटाच्या पायऱ्या आहेत का हो अजून?”
आणि बाई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं
थोडा विचार करून म्हणतात, “माहीत नाही.”
मागे एक मुलगी बसते. वाढलेली इथली, आडनाव तिकडचं.
माइक जवळ नेला की नुसती मान हलवते.

काल पडद्यावर खांब होते, निळे आणि करडे.
समाधानी. असमाधानी. सांगता येत नाही.
मी त्यांत ताइसियाला शोधत होतो.

कारण मी त्या देशात एकशे सहा वेळा गेलोय,
संस्कृतीसाठी एकदाही नाही.
पेट्रोल स्वस्त होतं.
ताइसिया पंपाच्या गल्ल्यावर असायची,
बोटं नसलेले हातमोजे, कानामागे पेन्सिल.
मी कॉफीची पुडी न्यायचो, ती खारवलेल्या अळिंबीची बरणी द्यायची.
उसनंपासनं चालायचंच, शेजार म्हटलं की.
सुट्टे मात्र कधी नसायचे तिच्याकडे,
नाण्यांच्या जागी लिंबाच्या दोन गोळ्या.
शेवटच्या खेपेला गोळ्याही संपलेल्या.
“अठ्ठावीस रुबल राहिले तुझे,” ती म्हणाली,
मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत, “पुढल्या वेळी.”
आणि वहीत लिहिलंसुद्धा.

तर काल, शेवटची तीन मिनिटं उरलेली,
हात एकही वर नाही,
आणि माइक माझ्याच हातात.
इतक्या वर्षांत मी त्यात फक्त ‘एक, दोन, तीन’ म्हटलेलं.
मी विचारलं, अठ्ठावीस रुबलचं आज तिथे काय येतं?

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.
“बँकेचा दर सांगू की दुकानातला?”
“दुकानातला.”
त्यांनी चष्मा काढला, वर दिव्याकडे बघितलं,
जणू तिथे कुठे किमती चिकटवल्या आहेत.
“अर्धा पाव. कदाचित. नाहीतर काडेपेट्या, पाच-सहा.
पण मी तिथे गेले नाहीये, पाच वर्षं…”
“माहीत आहे,” मी म्हटलं.
ओइवा वळून माझ्याकडे बघत होता,
मी त्याच्या खुर्चीवर बसलोय की काय अशा नजरेनं.

मग वेळ संपली. कॉफीचे पेले धुतले,
माइकमधली बॅटरी काढून खिशात टाकली.
पुढच्या गुरुवारी विषय आहे तिथल्या नगरपालिका.
खुर्च्या या वेळी घड्या घालून ठेवल्या नाहीत.
अर्धा पाव म्हणजे तसा कमी नाही.